औषध संपलं, बधिर पाय उरला : खानवेल पट्ट्यातल्या कुष्ठरोगाच्या जखमांचा हिशोब कोण ठेवणार?

खानवेल : कुष्ठरोगाच्या सरकारी नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे दोन तारखा महत्त्वाच्या असतात. पहिली निदानाची, दुसरी औषधाचा कोर्स पूर्ण झाल्याची. जंतू कमी असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर बारा महिने गोळ्या घ्यायच्या. त्या संपल्या की ‘उपचारमुक्त’ असा शेरा पडतो आणि चालू रुग्णांच्या बेरजेतून एक आकडा वजा होतो. वहीच्या दृष्टीने खातं बंद.

रुग्णाच्या दृष्टीने ते बंद होतंच असं नाही. निदान उशिरा झालं आणि तोवर पायाची नस निकामी झाली असेल, तर गोळ्यांनी जंतू मरतात. गेलेली संवेदना मात्र बहुतेक वेळा परत येत नाही. तळपाय जन्मभर बधिर राहतो. काटा टोचलेला कळत नाही, चुलीतला निखारा कळत नाही, चपलेत अडकलेला खडा कळत नाही. मग जखम होते, चिघळते, कधी हाडापर्यंत जाते. ही जखम घेऊन दवाखान्याच्या दारात उभा राहिलेला माणूस कागदोपत्री कुष्ठरुग्ण नसतो. तो ‘बरा झालेला’ असतो.

केंद्र सरकारने ३० जानेवारी २०२३ रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय आराखड्यात २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. जगाने ठरवलेल्या २०३० च्या तीन वर्षं आधी. ही तारीख जवळ येत असताना दादरा नगर हवेली आणि शेजारच्या पालघर-वलसाडच्या डोंगरपट्ट्याने एक प्रश्न आताच विचारायला हवा. नवे रुग्ण उद्या शून्यावर आले तरी आधीच बधिर झालेले पाय इथेच राहणार आहेत. त्यांची जखम धुवायला, घट्टे घासायला, चप्पल बघून द्यायला आणि हे सगळं घरच्यांना समजावून सांगायला कोण शिकणार, आणि कोण शिकवणार?

या छोट्या प्रदेशाचं मोठं नाव

दादरा नगर हवेली नकाशावर शोधावी लागते. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३ लाख ४३ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक लोक आदिवासी : वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. सिल्वासा आणि भोवतीचा भाग कारखान्यांचा. तिथून वीसेक किलोमीटरवर दक्षिणेला साकरतोंड नदीकाठी खानवेल, आणि त्याच्या पुढे दुधनी, मांदोनी, सिंदोनीचा डोंगराळ भाग. कुष्ठरोगाच्या अभ्यासकांना मात्र हे नाव शोधावं लागत नाही.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचं ‘दूरीकरण’ झाल्याचं जाहीर केलं. त्याचा तांत्रिक अर्थ एवढाच होता की दर दहा हजार लोकांमागे उपचार घेणारा रुग्ण एकापेक्षा कमी. रोग संपला, असा अर्थ त्याला नव्हता, पण लोकांनी आणि बऱ्याच यंत्रणांनीही तसाच घेतला. २०१२ च्या सुमारासही देशात ही रेषा न ओलांडलेले दोनच प्रदेश उरले होते : छत्तीसगड आणि दादरा नगर हवेली. छोटी लोकसंख्या, जास्त रुग्ण, आणि घरोघरी पोहोचता येईल एवढं क्षेत्र. त्यामुळे संशोधनासाठी ही जागा निवडली गेली.

२०१५ मध्ये नोव्हार्टिस फाउंडेशनच्या पुढाकाराने आठ देशांत एक कार्यक्रम उभा राहिला आणि भारतातलं त्याचं ठिकाण दादरा नगर हवेली होतं. कल्पना साधी : रुग्ण सापडला की त्याच्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या लोकांना तपासायचं आणि जे निरोगी आहेत त्यांना रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस द्यायचा. आधी बांगलादेशात झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, अशा एका डोसने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं होतं. आता बघायचं होतं ते हे की रोजच्या सरकारी यंत्रणेतून ते जमतं का. आठही देश मिळून १ लाख ७४ हजारांवर सहवासितांची तपासणी झाली आणि १ लाख ५१ हजारांवर लोकांना डोस मिळाला. उत्तर आलं : जमतं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत या डोसची शिफारस केली आणि भारतानेही तो राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

म्हणजे आज देशात कुठेही कुष्ठरुग्णाच्या घरच्यांना दिल्या जाणाऱ्या त्या एका डोसमागे इथल्या पाड्यांवरच्या कामाचाही वाटा आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे आणि ती इथल्या शाळांतही फारशी सांगितली जात नाही. पण हे संशोधन रोग होण्याआधीचं होतं. ज्यांना रोग होऊन गेला त्यांच्या पायाचा प्रश्न त्यात नव्हता.

मांस सडत नाही, पाय वापरून झिजतो

कुष्ठरोगाने बोटं ‘झडतात’ हा समज अजून मुळापासून गेलेला नाही. त्याला पहिला मोठा धक्का दिला तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी, १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून. त्यांच्या निरीक्षणाचं सार असं : रोगाचा जंतू मांस खात नाही, तो नस बिघडवतो. वेदना गेली की माणूस नकळत आपलाच हात-पाय मोडतो. झोपेत उंदीर बोट कुरतडतो तरी जाग येत नाही. गरम भांडं हातात धरलं जातं. पायाला फोड आला तरी माणूस चालत राहतो, कारण लंगडायला लावणारी वेदनाच नसते.

इथून उपचाराची दिशा बदलली. जखमेवर कोणतं मलम लावायचं यापेक्षा जखमेवरचा भार कसा काढायचा, हा प्रश्न मोठा झाला. तळपायावर जिथे सतत दाब पडतो, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, चवड्यावर किंवा टाचेवर, तिथे आधी घट्टा तयार होतो. घट्टा कडक झाला की तो आतल्या मऊ मांसाला दगडासारखा दाबतो. आत रक्त साकळतं, फोड येतो, फुटतो. पायाच्या आकाराचं प्लास्टर बांधून दाब सगळ्या तळव्यावर वाटून दिला, की वर्षानुवर्षं न भरलेली जखम काही आठवड्यांत भरत आल्याचं दिसू लागलं. मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला याच विचारातून आल्या.

पुढे ब्रँड अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि हीच पद्धत मधुमेहाच्या रुग्णांपर्यंत पोहोचली. मधुमेहातही पायाची नस बधिर होते आणि जखम तशीच होते. आज शहरातल्या ‘डायबेटिक फूट’ क्लिनिकमध्ये जे प्लास्टर आणि जी मऊ चप्पल महागड्या दराने मिळते, तिच्यामागचा बराच अनुभव कुष्ठरुग्णांच्या पायांवरून आलेला आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. तेव्हा कुष्ठरोगाची जखम बांधायला शिकलेली नर्स रुग्ण कमी झाल्यावर बेकार होणार नाही. तिचं कौशल्य उलट जास्त लागणार आहे.

संशोधनाच्या खात्यावर शिल्लक किती?

जखमेवर नेमकं काय लावावं, यावर जगात चांगल्या दर्जाचा पुरावा किती आहे? उत्तर निराश करणारं आहे. कुष्ठरोगातल्या जखमांवरच्या चाचण्यांचा आढावा कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी एकाहून अधिक वेळा घेतला. सगळं जग धुंडाळूनही हाती आल्या त्या डझनभराच्या आसपास चाचण्या, त्यातल्याही बऱ्याच छोट्या. फेनिटॉइन हे खरं तर फिटचं औषध. त्याची पावडर जखमेवर टाकून बघितली गेली आणि भारतातल्या काही अभ्यासांत फायदा दिसला. नेपाळमधल्या आनंदबन रुग्णालयात रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या घटकाचं ड्रेसिंग चाचणीसाठी घेतलं गेलं. पण ‘हे लावा आणि निश्चिंत व्हा’ असं म्हणता येईल, असं एकही औषध पुढे आलेलं नाही.

नस वाचवण्याच्या बाबतीत चित्र जरा बरं आहे. बधिरपणा किंवा अशक्तपणा सुरू होऊन सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, तर नस सावरण्याची शक्यता असते. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि इंडोनेशियात झालेल्या चाचणीत २० आठवड्यांचा कोर्स ३२ आठवड्यांच्या कोर्सइतकाच उपयोगी ठरला. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या आत कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि कळलंच नाही, हे अगदी सुरुवातीचं लक्षण. पायाला मुंग्या येणं, पाऊल उचलताना पुढचा भाग खाली लोंबणं, न दुखणारा फोड, त्वचेवरचा फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, ही इतर लक्षणं. हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने तळव्यावर हलका स्पर्श करायचा आणि कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्या उपायावर जवळपास सगळे अनुभवी लोक एकमत आहेत, तो सर्वांत स्वस्त आहे. रोज पाय बघायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरून. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय बुडवून ठेवायचे. ओल्या घट्ट्यावर वजरी हलक्या हाताने फिरवायची. पाय ओले असतानाच खोबरेल किंवा घरचं कुठलंही तेल चोळायचं, म्हणजे ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत. जखम असेल तर स्वच्छ फडकं बांधायचं आणि त्या पायावर भार टाकायचा नाही. इथिओपियात १९९५ पासून कुष्ठरोग होऊन गेलेल्या लोकांनी गावोगाव गट करून हेच केलं : आठवड्याला एकत्र बसायचं, एकमेकांचे पाय बघायचे. चार-पाच वर्षांत असे सत्तरच्या वर गट झाले. लोक आपली जखम हे आपलं काम मानू लागले, ड्रेसिंगच्या सामानासाठी दवाखान्यावरचं अवलंबित्व कमी झालं.

‘पायावर भार टाकू नका’

आता हा सल्ला खानवेलच्या पलीकडच्या पाड्यावर नेऊन बघू. समजा, एक पन्नाशीचा शेतमजूर आहे. कोर्स पूर्ण होऊन दहा वर्षं झाली. उजव्या पायाच्या चवड्यावर जखम आहे. आवणीचे दिवस आहेत. चिखलात उभं राहून भात लावायचं तर चप्पल चालत नाही. दवाखान्यात सांगितलं, सहा आठवडे विश्रांती घ्या. सहा आठवड्यांची मजुरी कोण देणार, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. तो चार दिवस घरी बसतो, पाचव्या दिवशी कामावर जातो. पुढच्या वेळी डॉक्टर म्हणतात, रुग्ण ऐकत नाही.

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न येतो. मधुबन धरणाचा जलाशय डोळ्यांसमोर असला तरी उंचावरच्या पाड्यांवर पाणी डोक्यावरूनच येतं. वीस मिनिटं पाय भिजवायला लागणारी अर्धी बादली कोणाच्या वाट्यातून काढायची, हा घरातल्या बाईचा हिशोब असतो. चपलेचंही तसंच. विशिष्ट रंगाची, विशिष्ट पट्ट्यांची चप्पल पायात दिसली की गावाला कळतं. मग ती कोनाड्यात जाते. म्हणूनच आता एमसीआरचा मऊ तळ ठेवून वरून बाजारातल्या चपलेसारख्या दिसणाऱ्या चपला करण्यावर भर दिला जातो. शिवाय ही चप्पल एकदा दिली की झालं, असं नाही. डोंगरात ती झिजते, दर वर्षी नवी लागते.

पुनर्वसन म्हणजे शिलाई मशीन किंवा पेन्शन एवढाच अर्थ घेतला जातो. या शेतमजुराच्या बाबतीत पुनर्वसन म्हणजे जखम भरेपर्यंत बसून करता येईल असं काम, आणि भरल्यावर चिखलात घालता येतील असे बूट. लोंबणारं पाऊल किंवा वाकलेली बोटं शस्त्रक्रियेने बऱ्याच अंशी सुधारता येतात. राष्ट्रीय कार्यक्रमातून ती मोफत होते आणि बुडालेल्या मजुरीपोटी रुग्णाला ठरावीक रक्कमही मिळते. ती काही वर्षांपूर्वी ८ हजारांवरून १२ हजार रुपये झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ हा २१ प्रकारांपैकी एक प्रकार आहे. पण प्रमाणपत्र काढायला जावं लागतं, आणि आधी हे आपल्यासाठी आहे हे कळावं लागतं.

शिकवणारे गेले, शिकणारे आले

साधारण २००२ ते २००५ या काळात देशभर कुष्ठरोगाचं वेगळं खातं सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळलं गेलं. निर्णयाला कारण होतं : वेगळी गाडी, वेगळा दवाखाना म्हणजे वेगळा शिक्का. पण त्याबरोबर वर्षानुवर्षं फक्त कुष्ठरोगाचंच काम केलेले कर्मचारी हळूहळू निवृत्त झाले. नस हाताने चाचपून जाड झाली का ते सांगणारे, घट्टा कुठवर कापायचा ते जाणणारे हे लोक. त्यांची जागा घेणाऱ्या नर्सकडे आज क्षयरोग, लसीकरण, बाळंतपण, रक्तदाब आणि मोबाइलवरच्या नोंदी असं सगळंच आहे. तिला महिन्यात एखादा बधिर पाय दिसतो. हात बसायला एवढं पुरत नाही.

आशा कार्यकर्तीचं मानधन कसं ठरलंय तेही बघण्यासारखं आहे. विकृती दिसण्याआधी रुग्ण शोधून दिला तर २५० रुपये, विकृती आल्यावर शोधला तर २००. कोर्स पूर्ण करून घेतला तर कमी जंतूंच्या रुग्णामागे ४०० आणि जास्त जंतूंच्या रुग्णामागे ६००. लवकर शोधण्याला जास्त पैसे, हे शहाणपणाचं. पण हे दर निदान आणि कोर्स या दोन टप्प्यांचे आहेत. कोर्सनंतर दर महिन्याला जाऊन पाय बघण्याचं मोल या दरपत्रकात बसत नाही. वहीत जे मोजलं जातं त्यालाच पैसा मिळतो आणि ज्याला पैसा मिळतो तेच काम होतं. यात आशाताईंचा दोष काढता येत नाही.

या परिस्थितीत सिल्वासाला गेल्या काही वर्षांत जे उभं राहिलं, ते महत्त्वाचं ठरतं. २०१९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज ते नमो वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्था या नावाने ओळखलं जातं. ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आधीपासून आहेच, आणि खानवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. ज्या प्रदेशाचं नाव एका आजाराच्या संशोधनात जगभर गेलं, त्याच प्रदेशात आता डॉक्टर तयार होत आहेत. असा योग सहसा येत नाही.

त्याच २०१९ मध्ये देशभर एमबीबीएसचा नवा, कौशल्यांवर आधारलेला अभ्यासक्रम लागू झाला. कुष्ठरोग त्यात त्वचारोगाच्या पेपरात येतो, पुनर्वसन वेगळ्या विषयात, जखम शल्यचिकित्सेत, समाज कम्युनिटी मेडिसिनमध्ये. एकाच माणसाचा एकच पाय चार विभागांत वाटला जातो. त्यावर तोडगाही याच अभ्यासक्रमात आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढे ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचं. खानवेल पट्ट्यातल्या कुष्ठरोग होऊन गेलेल्या घरांचा त्यात समावेश झाला, तर एका विद्यार्थ्याला तोच पाय काही वर्षं सलग दिसेल. जखम भरताना दिसेल, आणि आवणीत पुन्हा उघडतानाही दिसेल. ‘रुग्ण ऐकत नाही’ हे वाक्य असा डॉक्टर सहज लिहिणार नाही.

संशोधनालाही हे सोयीचं आहे. महागडं मलम शोधायची स्पर्धा इथे लावायची गरज नाही. कोणत्या महिन्यात जखमा जास्त होतात, कोणती चप्पल खरंच पायात राहते, गटाने पाय बघितल्याने जखम परत होण्याचं प्रमाण किती घटतं, असे प्रश्न वही, पेन आणि चिकाटीवर सुटणारे आहेत. वर सांगितलेल्या डझनभर चाचण्यांच्या तुटपुंज्या पुंजीत अशा अभ्यासाने खरी भर पडेल.

तीन सरकारं, एक पाऊलवाट

या पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. खानवेलहून उधव्याकडे गेलं की महाराष्ट्र, दुसरीकडे गेलं की गुजरात. नाती तिन्ही बाजूंना आहेत, मजुरीही. तलासरी, जव्हार, मोखाड्याचा माणूस सिल्वासाच्या कारखान्यात येतो. इथला माणूस वीटभट्टीवर, बागायतीत महाराष्ट्र-गुजरातेत जातो. रुग्ण मध्येच गाव सोडून गेला की एका वहीतून त्याचं नाव निसटतं आणि दुसऱ्या वहीत चढत नाही. महाराष्ट्रात ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचं प्रमाण जास्त दिसतं, त्यांत गडचिरोली, चंद्रपूरबरोबर पालघरही आहे. सीमेच्या दोन्ही अंगांना रोग एकच, माणसंही एकच. कार्डं मात्र वेगळी.

भाषेचंही तेच. वारली घरात बोलली जाते, मराठी समजते, शाळा कुठे मराठी तर कुठे गुजराती, आणि नव्या महाविद्यालयात शिकायला येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची भाषा हिंदी किंवा गुजराती. ‘सेन्सरी लॉस’ पाड्यावर कळत नाही. ‘चप्पल निसटली तरी कळत नाही का?’ हे कळतं. पाय बघण्याची पाच-सहा वाक्यं वारलीत आणि मराठीत नीट बसवून, चित्रांसह, तिन्ही प्रशासनांनी एकच कागद छापला तरी त्याचा उपयोग होईल. याला संशोधनाचा निधी लागत नाही. तीन कार्यालयांनी एका टेबलाशी बसावं लागतं.

मराठी मुलखाची जुनी ओळख

जखम धुण्याचं काम मराठी मुलखाला नवीन नाही. १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं. ते विनोबांचे सहकारी. ज्या विनोबांचं नाव आज सिल्वासाच्या सिव्हिल हॉस्पिटलला आहे, तेच हे. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींना कुष्ठरोग झालेला असताना गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या जखमा साफ केल्या, मालिश केलं. पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. त्या काळी औषध नव्हतं किंवा नुकतंच येत होतं. जखमेची शुश्रूषा हाच मुख्य उपचार होता आणि ती करणारे हात होते. आज औषध मोफत आहे, एप्रिल २०२५ पासून तर कमी जंतूंच्या रुग्णांनाही दोनऐवजी तीन औषधं देण्याचं धोरण आहे. औषधाची बाजू मजबूत होत असताना शुश्रूषेची बाजू दुबळी राहू नये, एवढंच म्हणणं आहे.

यावर एक आक्षेप येईल : रुग्ण कमी होत असताना यावर खर्च कशाला? २०२३ मध्ये जगात १ लाख ८२ हजारांवर नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले, त्यातले १ लाख ७ हजारांवर भारतातले. जगातल्या निम्म्याहून अधिक. शिवाय हा जंतू इतका संथ आहे की लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीस वर्षंही लागतात. आज ज्या तरुणाची नस दुखावतेय, त्याच्या पायाची काळजी पुढची तीस-चाळीस वर्षं घ्यावी लागेल. एक बधिर पाय वेळीच सांभाळण्याचा खर्च म्हणजे चपलेचा जोड, वजरी, तेल आणि एका शिकलेल्या माणसाची महिन्यातली पंधरा मिनिटं. तो पाय गेला तर शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, मुंबईच्या खेपा आणि घरातला एक कमावता हात कमी. बेरीज कुठली मोठी, हे सांगायला हिशोबनीस लागत नाही.

दर वर्षी ३० जानेवारीला कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो, शपथ घेतली जाते, आकडे वाचले जातात. खानवेल, जव्हार, कपराड्याच्या लोकप्रतिनिधींनी आणि ग्रामसभांनी त्या दिवशी नव्या रुग्णांच्या आकड्यासोबत आणखी तीन आकडे मागावेत. उपचारमुक्त झालेल्यांपैकी किती जणांचे पाय बधिर आहेत? त्यातल्या किती जणांच्या पायाला आज उघडी जखम आहे? आणि गेल्या वर्षभरात किती जणांना मापाची चप्पल मिळाली? हे आकडे वहीत आले की त्यांच्यासाठी माणूस नेमावा लागेल, आणि त्या माणसाला शिकवावंही लागेल.